सड्यावरचा एल्क

आमचे चुलत बंधुराज अमेरिकेहून आले ते मे महिन्यात, आंबे खायला. निदान आम्हांला तसं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी बॅगेतून हातभर लांबीची, वळ्यावळ्यांची एक काळी नळी काढली, घरापुढच्या खळ्यात उभे राहिले आणि तिच्यात असं काही रेकले की आमची गाय दावं तोडायच्या बेतात आली. माझा निम्मा चहा लेंग्यावर सांडला. आतून बायको म्हणाली, "कुणाला फीट आली का बघा हो."

फीट कसली, विद्या होती ती! एल्क नावाचं एक जनावर तिकडे डोंगरात असतं. आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा, आणि डोक्यावर लाकडाचा भारा घेतल्यासारखी शिंगं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बंधुराजांना त्याची शिकार करायची हुक्की आली होती. सप्टेंबरात एल्क माजावर येतो, नर ओरडत हिंडतो, तेव्हा शिकाऱ्याने त्याच्यासारखं नाहीतर त्याच्या मादीसारखं ओरडून त्याला बाणाच्या टप्प्यात आणायचं. हो, बाणाच्या. ज्याने जन्मात बेचकीने एक कैरी पाडली नाही, तो धनुष्य घेऊन निघाला होता. परवाना म्हणे सोडतीत निघतो, आणि ह्यांचा निघाला होता. दात नाहीत त्यालाच देव चणे देतो, दुसरं काय.

आता काकांबद्दल सांगतो. काका म्हणजे ह्या शिकाऱ्याचे वडील, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय ब्याऐंशी. काकू जाऊन सहा वर्षं झाली. लांज्यापासून आत आमची वाडी, तिथे एकाच खळ्याच्या दोन अंगांना आमची दोन घरं. जेवण आमच्याकडे, झोप स्वतःच्या घरात, ही काकांची अट. तरुणपणी ते गावच्या शिकारीच्या टोळीत असत. पुढे कायदा आला, बंदुका गेल्या, आणि काकाच म्हणाले, बरं झालं. पण टोळीत त्यांचं काम बंदुकीचं नव्हतंच. दोन ओठांत एक कोवळं पान धरून ते भेकराच्या पिल्लासारखं ओरडायचे, आणि भेकर जाळीतून बाहेर येऊन समोर उभं राहायचं. म्हातारी माणसं अजून सांगतात.

तर अशा बापाच्या पोटी हा. पाच वर्षांनी आला होता, बारा दिवसांसाठी. त्या बारा दिवसांत काकांना एकच गोष्ट हवी होती: मुलाने पडवीत शेजारी बसावं आणि चार शब्द बोलावेत. त्यासाठी त्यांनी माळ्यावरची दुसरी खुर्ची मला उतरवायला लावली, स्वतः पुसली आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवली. बारा दिवस तिच्यावर मांजर बसलं.

मुलाला वेळ कुठे होता? सकाळी घावणे हाणून झाले की अभ्यास सुरू. मोबाइलवर कोणी एक दाढीवाला गुरुजी, आणि शिष्याच्या तोंडात रबराची एक चकती. ती जिभेने टाळूला दाबायची आणि वरून वारा सोडायचा. चकती आत गेली की ओकारी, मग पाणी, मग पुन्हा चकती. आमची ही मला हळूच म्हणाली, "दिवस गेलेत का भावजींना?" मधल्या वेळात मला व्याख्यान असे. नवशिक्याने आधी मादीचा आवाज घोटायचा, नराच्या वाटेला जायचं नाही. वारा कुठला आहे ते बघायचं. फार ओरडायचं नाही. हे सगळं सांगून झालं की स्वतः नळी तोंडाला लावून नराचाच आवाज, तोही दिवसातून शंभरदा! लोका सांगे ब्रह्मज्ञान. एकदा मीही ती चकती तोंडात घालून बघितली. घशाखाली जाता जाता वाचली. पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

काका पडवीत बसून ऐकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अरे, हे बोलावणं आहे की हाकलणं?"

चौथ्या दिवशी बंधुराज सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळमाळावर गेले. वाडीत प्रतिध्वनी मिळत नाही म्हणे. आता आमच्याकडे सड्यावरून आवाज येणं म्हणजे काय, हे ह्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही, इथेच वाढलाय तो. डोंगरात कुणी अडला, पडला, हरवला, तर तोंडाला हात लावून लांब कुकारा घालतो. ज्याला ऐकू येईल त्याने एकदाच उलट कुकारा द्यायचा आणि निघायचं. एकदा उत्तर आलं की घालणाराही गप्प बसतो, कारण माणूस वाटेला लागलेला असतो. लहानपणी काका मळ्यातून कुकारा घालायचे आणि हा सड्यावर गुरांमागे असायचा, तिथून उत्तर द्यायचा. मग काका पाटाच्या काठावर बसून घ्यायचे, की आता येतोय.

तर त्या दुपारी सड्यावरून आधी घरघर, मग किंकाळी, मग चार आचके, असा आवाज आला. आदल्या वर्षी खालच्या वाडीत गव्याने एकाला उडवला होता. लोकांना वाटलं, पुन्हा तेच. खालून कोणी उत्तराचा कुकारा दिला आणि सगळी वाडी धावली. कोणी कोयता घेतला, कोणी दांडा, आणि दोघांनी तर जखमीला आणायला खाटच उचलली. वर जाऊन बघतो तर काय? मे महिन्यातल्या उघड्या कातळावर, जिथे औषधाला गवताची काडी नाही, तिथे हिरव्या पानापानांचे कपडे घालून आमचे बंधुराज गुडघ्यावर बसलेले, तोंडाला नळी. जनावरापासून लपले होते! मैलभरावरून दिसत होते. खाटवाल्यांनी खाट खाली ठेवली आणि तिच्यावर बसून पोट धरून हसले.

मीही हसलो असतो. पण सगळ्यांच्या आधी तिथे काका पोचले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, अनवाणी, पाखाडीच्या पायऱ्या चढून. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून धापा टाकत होते. म्हणाले, "मला वाटलं, तू हाक मारलीस."

त्यावर आमच्या बंधुराजांनी काय म्हणावं? "बाबा, जरा बाजूला व्हा ना, रेकॉर्डिंग चालू आहे."

मला असा राग आला की ती नळी घेऊन त्याच्या टाळक्यात घालावी. घातली नाही. मी काकांना हाताला धरून खाली आणलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "आवाज छातीतून काढतोय मेला, पोटातून काढायला हवा."

बंधुराज गेले. बॅगेत आमसुलं आणि फणसपोळ्या भरल्यावर जागा उरली नाही, म्हणून जुनी नळी आणि तीन चकत्या इथेच राहिल्या. अमेरिकेहून आणलेला हा एवढाच अहेर! ती नळी मी वाळल्या पातेऱ्यात टाकून जाळणार होतो, पण सापडली नाही. मांजर खुर्चीवर होतंच. फोन पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले. रविवारी सकाळी काका व्हिडिओ कॉल लावायचे, तिकडे शनिवारची रात्र असायची. जेवलात का, औषधं घेता का, पाऊस कसा आहे, बरं ठेवतो. दोन मिनिटांत आटोपलं. तेवढ्यासाठी काका सकाळी सातला दाढी करून बसायचे.

आषाढात एके दिवशी काकांच्या पडवीतून विचित्र आवाज यायला लागला. आधी बेडूक वाटला, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटलं. जाऊन बघतो तर वाटीत कवळी काढून ठेवलेली आणि म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडात ती चकती. नळी मांडीवर. मी कपाळाला हात लावला. पोरगं तर गेलंच होतं कामातून, आता बापही.

"काका, हे काय वय आहे का?"

चकती काढून काका म्हणाले, "दात नसले की टाळूला बरी बसते. तुझ्या भावाला दातांची अडचण होते." आणि पुन्हा लागले.

पावसाळाभर हे चाललं. मी हिणवलं, बायकोने हिणवलं, दूध न्यायला येणारीने हिणवलं. म्हातारा कधी न बघितलेल्या जनावराची भाषा शिकत होता. पण खोटं कशाला सांगू, श्रावण लागेपर्यंत तो आवाज बदलला. बारीक, गोल, शेवटी किंचित खाली येणारा. मादी कळपातल्या कळपात विचारते ना, कुठे आहेस, तसा. ऐकलं की उगाच मान तिकडे वळायची. एका रविवारी फोनवर मुलगा "बरं, ठेवतो" म्हणाला, तेव्हा काकांनी "थांब" म्हटलं, कवळी काढली आणि तो आवाज काढला.

आमचे बंधुराज तिकडून ओरडले, "बाबा! पुन्हा काढा!"

त्या दिवशी पंचवीस मिनिटं बोलणं झालं. पुढल्या रविवारी अर्धा तास. पोटातून वारा कसा घ्यायचा, जीभ कुठे ठेवायची, पानावर पिल्लाचा आवाज कसा काढायचा, कुठल्या भेकराने कसा चकवा दिला, सगळं. मधल्या वारीही तिकडून फोन येऊ लागले. काका मला म्हणायचे, "आला बघ." मी तोंड वाकडं करायचो. पण फोन चार्जिंगला लावायचं काम मीच करायचो.

सप्टेंबरात शिकारी डोंगरात गेला आणि हात हलवत परत आला. फोनवर स्वतःच सांगत होता. पहाटे याने मादीचा आवाज काढला, लांबून नराने उत्तर दिलं. याला आनंद मावेना, हा पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला, आणि ते जनावर आलं नाही. "चूक माझीच, बाबा," म्हणाला. "उत्तर आलं की गप्प बसायचं असतं. आवाज बंद झाला की त्याला चैन पडत नाही, मग तो शोधत येतो. एवढं साधं मला जमलं नाही."

"हं," काका म्हणाले.

हंगाम संपला आणि बोलणंही संपलं. गरज सरो, वैद्य मरो! नळी कोपऱ्यात गेली, आणि रविवारी पुन्हा जेवलात का, औषधं घेता का. एकदा काकांनी आपणहून तो आवाज काढून दाखवला, तर तिकडून, "छान, बाबा. आता पुढच्या वर्षी बघू." दिवाळीच्या आधी काकांनी विचारलं, येतोस का चार दिवस? जमणार नाही, सुट्टी शिकारीत गेली. काकांनी बरं म्हटलं. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण फोन ठेवला गेला होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी काकांनी दाढी केली नाही आणि फोनही लावला नाही. मी आठवण केली, तर म्हणाले, "असू दे." तासाभराने तिकडून फोन आला. वाजला, वाजला आणि थांबला. काका समोर बसून बघत होते. दुसऱ्या रविवारी तेच. मधल्या दिवसांत पाच-सहा वेळा. उचलू लागलो की माझ्या हातावर फटका.

शेवटी मी चिडलो. "काका, हा छळ आहे. तो घाबरेल तिकडे."

"घाबरू दे." मग फोन पालथा ठेवून म्हणाले, "पिल्लू ओरडलं की आई धावत येते, हे मी शंभरदा बघितलं. आईबाप ओरडले म्हणून थोरलं झालेलं पिल्लू आलेलं एकदाही बघितलं नाही. सहा वर्षं ओरडतोय मी. आता त्यानेच सांगितलेल्या रीतीने करून बघतो."

तिसऱ्या रविवारी माझा फोन वाजला. आम्ही दोघे पडवीत होतो. मांजराला उठवून मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. काकांनी मला उचलायची खूण केली, आणि ओठांवर बोट ठेवलं. मी स्पीकर लावला.

"अरे, बाबा फोन का उचलत नाहीत? बरे आहेत ना?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"आहेत," मी म्हटलं. "बसलेत गप्प."

"गप्प म्हणजे? काय झालंय? त्यांना दे जरा."

काका माझ्या कानाशी वाकले आणि टोळीत बोलत असतील तशा दबक्या आवाजात म्हणाले, "अजून लांब आहे."

"बोलत नाहीत ते," मी म्हटलं. आयुष्यात एवढं खरं आणि एवढं खोटं मी एका दमात बोललो नव्हतो. बंधुराजांवर हसायची एवढी चांगली संधी होती, आणि मला हसू येईना. मग तो बोलला तो आवाज नेहमीचा नव्हता. लहानपणी सड्यावर वासरू हरवलं होतं तेव्हाचा होता.

"मी येतो," तो म्हणाला. "आजच तिकीट बघतो. ऐकतोयस ना? बाबांना सांग, मी येतोय. हॅलो?"

माझं तोंड उघडलं होतं. काकांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण नजर फोनवरून हलली नाही.

"हलू नको," ते कुजबुजले. "येऊ दे."