ग्लेनिसचा लाल बिल्ला

ग्लेनिस पर्विसने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही ती रस्त्याकडेच्या चरात घातली नाही. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, पण आमच्या डोंगरावरच्या स्की-क्लबात कोणी नवखा आला की कोणीतरी त्याला सांगायचंच. ऑगस्टातल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, सकाळी घाटावर निसरडा बर्फ, मागच्या बाकांवर पोरांचा धिंगाणा, आणि ही बाई दुसऱ्या गियरमध्ये बस अशी खाली आणायची की कोणाच्या हातातला कोको सांडू नये. तीच बाई वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सामानाच्या खोलीत कोणीतरी विसरून गेलेला स्नोबोर्ड पायाला बांधून बर्फावर आपटायला लागली, तेव्हा लोकांना हसू आलं. ते फार दिवस टिकलं नाही. ती हे कशासाठी करते आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

क्लबाच्या लॉजच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक पाटी आहे. पाटीवर खिळे, आणि खिळ्यांवर ज्याच्या त्याच्या नावाचे लाकडी बिल्ले. बिल्ल्याची एक बाजू लाल, दुसरी पांढरी. डोंगरावर जाताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. संध्याकाळी सगळी पाटी पांढरी झाली की लॉजचं बाहेरचं जाड दार लावायचं. एक जरी बिल्ला लाल असला तरी दार उघडं ठेवायचं आणि कंदील घेऊन शोधायला निघायचं. इतकी साधी पद्धत, शेंबड्या पोरालाही कळेल अशी.

बारा वर्षांपूर्वी ग्लेनिसची स्वयंपाकाची पाळी होती. चुलीवरच्या दोरीवर तिला नवऱ्याचे, ओवेनचे, हातमोजे वाळत घातलेले दिसले. हा पठ्ठ्या नेहमीसारखा बिल्ला फिरवायला विसरला, असं म्हणत तिने पिठाच्या हातानेच तो पांढरा केला. ओवेन संध्याकाळच्या गाडीने खाली मेंढ्यांकडे जाणार होता, त्यामुळे तो जेवायला दिसला नाही याचं कोणालाच काही वाटलं नाही. खरं तर तो दुपारी ओले हातमोजे बदलून पुन्हा वर गेला होता. सकाळी रेवीला, म्हणजे माणसांना उतारावर ओढून नेणाऱ्या दोराचं इंजिन चालवणाऱ्याला, तो उताराच्या तळाशी, ओढ्याच्या दगडांत सापडला. पाय मोडलेला होता आणि रात्रभरात थंडीने गोठून गेला होता. "त्याचे हातमोजे वाळत होते, मला वाटलं," एवढंच ग्लेनिस म्हणाली. "वाटलं?" रेवी म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही.

मग क्लबाने नियम केला, दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. या नियमामुळे ओवेनचाही बिल्ला तसाच राहिला. पांढरा, वरती पिठाची बोटं वाळलेली. दुसरा नियम असा, की दोर बंद झाला की एकाने सगळे उतार फिरून यायचं, मागे कोणी राहिलं नाही ना ते बघायचं. ही शेवटची फेरी बारा वर्षं रेवीने केली. आता त्याचा गुडघा कामातून गेला होता. ती फेरी ग्लेनिसला हवी होती, आणि आयुष्यात दुसरं काही मागायचं तिच्या मनात उरलं नव्हतं.

"आरसा उतरून दाखव," रेवी म्हणाला होता. "न थांबता, बोर्ड ताब्यात ठेवून. मग फेरी तुझी."

आरसा म्हणजे लॉजच्या दक्षिणेचा तो उतार, जिथे ओवेन गेला. ऊन गेलं की त्याच्या वरचा थर गोठून घट्ट होतो आणि बोर्डाची धारदार कडसुद्धा त्यात नीट रुतत नाही.

सोप्या उतारावर ग्लेनिस छान जमवायची. उतार खडा झाला की मात्र तिचं एकच चालायचं. टाचांवर उभी राहून, तोंड दरीकडे, बोर्ड आडवा, आणि झाडाचं पान खाली पडावं तशी डावीउजवीकडे घसरत यायची. बोटांवर यायचं म्हणजे दरीकडे पाठ करावी लागते. आणि टाचांवरून बोटांवर जाताना मध्ये एक क्षण असा येतो, की बोर्डाचं नाक सरळ खाली होतं. त्या क्षणाला ती घाबरायची. घाबरली की मागे रेलायची.

"मागं का रेलतेस? डोंगर काय तुझा सोफा आहे?" रेवी खालून ओरडायचा.

"पडले तर डोंगरावरच पडेन म्हणून."

"म्हणूनच पडतेस, बये. मागं गेलीस की पुढची कड सुटते. पुढच्या पायावर ये. छाती दरीकडं."

"दरी आहे ती, रेवी."

"मग? बस काय मागच्या आरशात बघत उतरवतेस? जायचंय तिकडं बघ. आणि ते मागच्या पायानं लाथा झाडणं बंद कर. वळण मारायचं नसतं, होऊ द्यायचं असतं."

हे सगळं तिला पाठ झालं होतं. पण रेवीचे डोळे अंगावर असले की तिला बारा वर्षांपूर्वीचा तो एक शब्द ऐकू यायचा, आणि पाठ आपोआप डोंगराकडे जायची. म्हणून त्या शनिवारी तिने ठरवलं, आधी एकटीने उतरायचं. तिने दुपारच्या चहाला ओले हातमोजे चुलीवरच्या दोरीवर टाकले, कोरडे चढवले, आणि बिल्ला मुद्दाम लाल ठेवला. दोर थांबला. रेवी आपली फेरी करून आरशावरून लंगडत, घसरत लॉजकडे गेला. तोवर ती इंजिनाच्या खोलीमागे लपून उभी होती. छप्पन्न वर्षांची बाई, शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखी. मग बोर्ड पाठीवर घेऊन ती मागच्या धारेने वर चढली. काही झालंच तर बिल्ला लाल आहे, रेवी येईल, असं ती स्वतःला समजावत होती.

वर पोचली तेव्हा दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता. दगडावर बसलेला एक किआ पोपट तिच्याकडे मान वाकडी करून बघत होता. हे पक्षी एरवी बुटाच्या नाड्या ओढतात, भंडावून सोडतात. हा गप्प होता, आणि थोड्या वेळाने उडून खाली गेला. ग्लेनिसला ते आवडलं नाही.

बोर्ड पायांना बांधून ती उतरायला लागली. पहिल्या वीस पावलांतच तिला कळलं की पृष्ठभाग आपल्याला वाटला होता त्याहून कडक आहे. टाचेखालची कड रुतेना, नुसती खरखरत होती. घसरत घसरत ती उताराच्या मध्यावर आली आणि कशीबशी थांबली. टाचांवर उभी, मांड्या थरथरताहेत, खाली ओढ्याचे काळे दगड. तसंच पानासारखं घसरत गेलं तर त्या दगडांतच जाणार होती. ओवेनही तिथेच गेला होता. बसायचीही सोय नव्हती, कारण बसलं की कड सुटणार.

थांबते, ती म्हणाली. रेवी पाटी बघेल आणि येईल.

लॉजच्या त्या बाजूला खिडकी नाही, नुसतं धुराडं आणि दाराची पायरी दिसते. दार उघडं होतं. त्यातून येणारा पिवळा उजेड बर्फावर पडला होता, आणि ती त्या उजेडाकडे बघत उभी राहिली. कोणीतरी दारात आलं. लंगडत आलं, म्हणजे रेवीच. त्याने बाहेर नजर टाकली, वाऱ्याकडे तोंड वाकडं केलं. आणि दार लावून घेतलं.

दार लागलं याचा अर्थ एकच होता. पाटी पांढरी होती.

तिने हाक मारली. वाऱ्याच्या घोंघावण्यात ती हाक तिची तिलाच ऐकू आली नाही. सातला जेवायला बोलावतील तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येईल. म्हणजे दोन तास. तिचे पाय दहा मिनिटं टिकले तरी पुष्कळ होतं. ओवेननेही हे दार लागताना पाहिलं असेल का, हा विचार बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यात आला, आणि तिला रडू फुटलं. रडून कड रुतत नाही, तेव्हा तिने डोळे पुसले.

पुढचा पाय. तिने सगळं वजन हळूहळू पुढच्या पायावर आणलं. बोर्डाचं नाक खाली वळायला लागलं. सगळं अंग मागे जा म्हणत होतं. ती गेली नाही, पण घाईत मागच्या पायाने लाथ मारलीच. बोर्ड गर्रकन फिरला, ती बोटांवर आली आणि हात दोन हात घसरून बर्फाला जवळजवळ नाक लावून थांबली. पाठ दरीकडे. दगड आता दिसत नव्हते, हे एकापरीने बरंच.

दुसऱ्या वेळी तिने वाट पाहिली. नाक खाली झालं, वेग आला, आणि तिने काहीही केलं नाही. छाती दरीकडे, नजर लांबच्या कुंपणाच्या खांबाकडे. बोर्ड आपण होऊन वळला. गुडघे मऊ ठेवून तिने टाच दाबली, आणि कड रुतली. वळण अर्धवट न सोडता ती आडवी जात राहिली, थोडी वरच्या अंगालासुद्धा, वेग मरेपर्यंत. मग पुन्हा बोटांवर. मग पुन्हा टाचांवर. दगडांच्या बाजूने, दहा हात अंतरावरून ती तळाला पोचली, तेव्हा तिला आनंद झाला नाही. मागे वळून बघायचीही तिची छाती झाली नाही.

तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. बेवर्लीने, त्या दिवशीच्या स्वयंपाकिणीने, दार उघडलं आणि ती दारातच थिजली.

"अगं, तू बाहेर कशी? तू तर पडली होतीस ना खोलीत?"

ग्लेनिस आत आली. पाटीवर तिचा बिल्ला पांढरा होता.

"हा कोणी फिरवला?"

टेबलाशी पाचसात माणसं, मटणाच्या स्ट्यूसाठी बटाटे सोलत बसलेली. रेवी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उतार सगळे रिकामे होते, ग्लेन," तो म्हणाला. "आणि तुझे हातमोजे वाळत होते. मला वाटलं..."

आपण काय बोललो ते त्यालाही कळलं होतं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, तिने तो शब्द परत करावा म्हणून. बारा वर्षं तिने तो जपून ठेवला होता, जिभेवर तयार होता. पण अशी चूक घेऊन कसं जगावं लागतं ते त्या खोलीत तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"आले मी," ती म्हणाली. "वळणं घेत आले. लाथ एकच मारली."

रेवीने मान हलवली.

मग ग्लेनिस पाटीकडे वळली. तिने नियम मोडला आणि ओवेनच्या बिल्ल्याला हात लावला. पिठाचा वाळलेला पापुद्रा तिच्या ओल्या हातमोज्याला लागला.

"हा अजून आलेला नाही," ती म्हणाली, आणि तिने बिल्ला लाल केला.

बेवर्ली दार लावायला निघाली होती, ती तिथेच थांबली. रेवीने भिंतीवरचा कंदील काढला, पेटवला आणि पायरीवर नेऊन ठेवला. त्या रात्री लॉजचं दार कोणी लावलं नाही. वाऱ्याने बर्फ पार चुलीपर्यंत आत आला, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून तो फावड्याने बाहेर काढला.