आमच्या साडूंच्या कानातलं गाव

आमच्या साडूंना कानात कोणी काही सांगितल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही. हे मी रागाने म्हणतोय, पण खोटं म्हणत नाही. सिंगापुरात येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेब तपासता तपासता डोक्यावरचे केस गेले, हातात इथला लाल पासपोर्ट आला, बुकित बातोकला फ्लॅट झाला, आणि एवढ्या काळात या शहराकडे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर एकदाही पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते ऑडिओ गाइड लावून. बागेतल्या एखाद्या जुन्या झाडाखाली उभं राहून आपण म्हणावं, "काय झाड आहे हो," तर साडू म्हणणार, "त्याचा नंबर अजून आलेला नाही," आणि नंबर येईपर्यंत झाडाकडे पाठ करून उभे राहणार. नंबर आला की वळणार आणि मग मात्र असं बघणार की झाडालाच अवघडल्यासारखं व्हावं.

साडू हे नातं मुळात न मागता पदरात पडणारं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, ही सोन्यासारखी बाई, आणि तिच्याबरोबर हे आले. कानाला बारीक बोंडं लावून फिरायच्या या काळातही ते भलेमोठे वायरचे हेडफोन वापरतात. वायर शर्टाच्या आतून घेऊन दुसऱ्या बटणापाशी बाहेर काढतात, त्यामुळे त्यांना कुठेतरी चार्जिंगला लावलंय असं वाटतं. रेकॉर्डिंग कधीही पळवायचं नाही, हा त्यांचा नियम. दीडपट वेगाने ऐकणाऱ्या माणसाला ते ताटात टाकून उठणाऱ्यांच्या रांगेत बसवतात. आणि सुरू झालेलं रेकॉर्डिंग मध्येच बंद करायचं नाही, हा दुसरा. एकदा आम्ही दोघं एमआरटीने जात होतो. आमचं स्टेशन आलं, दार उघडलं, मी उतरलो, आणि हे आत बसूनच राहिले. पुढच्या गाडीने परत आल्यावर म्हणाले, "तो जुन्या बंदराबद्दल सांगत होता. माणूस बोलत असताना उठून जाणं बरं दिसत नाही." माणूस बोलत असताना उठून जाऊ नये हे त्यांना कळतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

एका वर्षी त्यांनी घरच्या गणपतीचा ऑडिओ गाइड केला. दारावर एक चौकोनी कोड चिकटवला होता, पाहुण्यांनी चपला काढायच्या, फोन त्याच्यासमोर धरायचा आणि साडूंच्या धीरगंभीर आवाजात ऐकत आत यायचं. "डावीकडे वळा. समोर आपल्याला शाडूची मूर्ती दिसेल. जास्वंदीकडे विशेष लक्ष द्या." सगळं छान होतं, फक्त ऐनवेळी पंख्याने निरांजन विझायला लागलं म्हणून ताईने मखर उजवीकडच्या कोपऱ्यात हलवलं. पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं आवाजाबरोबर डावीकडे वळलं आणि वॉशिंग मशीनसमोर हात जोडून उभं राहिलं. मी साडूंना म्हटलं, "अहो साडूभाऊ, रेकॉर्डिंग बदला." ते म्हणाले, "रेकॉर्डिंग बरोबर आहे. मखर चुकलंय." ताईने बिचारीने मखर परत हलवलं आणि दहा दिवस पंखा बंद ठेवला. त्या घरात जे काही चुकतं ते नेहमी बाकीच्यांचंच चुकतं, आणि हलवाहलव ताई करते.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. यापुढे मला हसू येत नाही.

साडूंना एकच मुलगी, मनू. इथल्या शाळेत शिकली, माझ्याशी मराठीत भांडायची आणि हरायची वेळ आली की "ओके लाह काका, यू विन" म्हणून माझ्याच ताटातली भजी पळवायची. शिकायला इंग्लंडला गेली, नोकरी लागली, आणि मग एक दिवस ती नोकरी सोडून एका लहानशा इंग्लिश खेड्यात सुतारकाम करणाऱ्या मुलाशी तिने लग्न केलं. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर. हे चुकलंच तिचं, मी नाही म्हणत नाही. ती फोनवर समजावून सांगायला लागली तेव्हा साडू म्हणाले, "आधी मी बोलतो, मग तू बोल." ते बोलले, सविस्तर बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. या गोष्टीला पाच वर्षं झाली. तेव्हापासून ताई लेकीशी बोलते ती स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट फॅन लावून.

मग त्या खेड्यातल्या लोकांनी हौसेने गावाचा ऑडिओ गाइड तयार केला. चर्च, गिरणी, नदीकाठ, टेकडी, प्रत्येक ठिकाणची माहिती गावातल्याच कोणी ना कोणी आपल्या आवाजात सांगितलेली. शेवटचं ठिकाण म्हणजे जुनी शाळा. ती आता मनूचं घर आहे, म्हणून तिथला आवाज मनूचा. ताईने हे जेवताना सांगितलं. भिंतीला सांगावं तसं सांगितलं. साडू म्हणाले, "भात वाढ."

दुसऱ्या दिवसापासून साडू सकाळी फिरायला जायला लागले. मी एकदा मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि कानात एक इंग्लिश म्हातारा सांगतोय की वाऱ्याला बोचरी थंडी आहे, गळा झाकून घ्या. साडूंनी सगळं गाव बुकित बातोकमध्ये नीट बसवून घेतलं होतं. कारपार्कच्या जागी चर्च, बस स्टॉपच्या जागी गिरणी. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पत्ते कुटत बसलेल्या चिनी आजोबांना वळसा घालून आम्ही नदीकाठाने गेलो. शेवटी मोठ्या नाल्याच्या कठड्याशी येऊन ते थांबले आणि हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. मनू शाळेबद्दल सांगत होती. एका लांबलचक इंग्लिश नावाशी ती अडखळली आणि हसली. हौशी लोकांचं काम, ते हसू कोणी कापलं नव्हतं. साडू नाल्याकडे बघून हसले. एवढ्याशा हसण्यासाठी हा माणूस रोज सकाळी ते अख्खं गाव पायाखाली घालत होता.

"मग फोन करा ना तिला," मी म्हटलं.

"ही व्यवस्था बरी आहे," साडू म्हणाले. "ती बोलते, मी ऐकतो. वाद होत नाही."

मला त्या क्षणी त्यांना नाल्यात ढकलावंसं वाटलं, आणि वाईटही वाटलं. राग जास्त आला होता.

गेल्या वर्षी ताईने जाहीर केलं की ती मनूकडे जाणार, कोणी येवो न येवो. ताईने आयुष्यात पहिल्यांदा काही जाहीर केलं होतं, त्यामुळे आम्ही नवराबायकोही लगेच तयार झालो. साडूंनी दोन दिवस जाऊ दिले. मग म्हणाले, "मी येईन. गाव बघायला. बाकी कुणाशी मला देणंघेणं नाही." आणि खरंच, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कशासाठी आलात विचारलं तेव्हा ताई म्हणाली, लेकीला भेटायला, आणि तिच्या मागोमाग साडू म्हणाले, पर्यटन.

गावातल्या खानावळीच्या वरच्या खोल्यांत आम्ही उतरलो. बॅगा ठेवून ताई आणि माझी बायको तडक मनूकडे गेल्या. मी साडूंच्या वाट्याला आलो. त्यांनी एका फोनला दोन हेडफोन लागतील अशी जोडणी आणली होती, त्यामुळे दोन पोक्त मराठी गृहस्थ एकाच वायरला बांधलेले असे आम्ही त्या गावातून हिंडलो. पहिल्या दिवशी गिरणी आणि नदी, दुसऱ्या दिवशी टेकडी. गाइडमध्ये बाई सांगत होती की इथे ताज्या पावाचा वास येईल. बेकरी तोवर बंद पडली होती, आता तिथे कुत्र्यांचे केस कापून मिळतात. साडूंनी डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाले, "येतोय थोडा." पुढे एका म्हातारीला तिच्याच घराच्या फाटकाशी उभं करून त्यांनी सांगितलं की हे पूर्वी लोहाराचं घर होतं. ती हसून म्हणाली की लोहार पलीकडच्या घरात होता, तिच्या सासऱ्याचा मित्र. साडूंनी तिचे आभार मानले आणि मला मराठीत म्हणाले, "नंतर आलेल्या लोकांना माहिती नसते."

संध्याकाळी ताई परत येऊन मनूचं घर सांगायची. जावयाने कांदेपोहे कसे दोनदा मागून घेतले, मनूने खिडकीत कढीपत्ता जगवलाय तो कसा. साडू नकाशात डोकं घालून बसायचे. पण बसायचे ते ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

तिसऱ्या दिवशी शाळा. दगडी बैठी इमारत, हिरवं दार, दाराशेजारी जुनी पितळी घंटा. साडूंनी रेकॉर्डिंग सुरू केलं. मनूने आम्हाला खिडकीतून पाहिलं असणारच, कारण दार लगेच उघडलं. पिठाचे हात तसेच होते. ती म्हणाली, "बाबा."

साडूंनी हात वर केला. "थांब. चालू आहे."

ती थांबली. माझ्या कानात मनू बोलत होती आणि समोर मनू गप्प उभी होती. मला ते सहन होईना, मी माझा हेडफोन काढून टाकला. साडू ऐकत राहिले. मग कानात ते हसू आलं असावं, कारण ते हसले, समोरच्या भिंतीकडे बघून. मनूला वाटलं, आपल्याकडे बघून हसले. तिचं तोंड एवढं उजळलं की मी मान खाली घातली.

रेकॉर्डिंग संपलं. साडूंनी हेडफोन गळ्यात घेतले, आणि चार वर्षांनंतर आपल्या एकुलत्या एक मुलीला पहिलं धड वाक्य ऐकवलं ते असं : "घंटा डाव्या हाताला आहे असं तू म्हणतेस. ती उजव्या हाताला आहे."

मनूने घंटेकडे पाहिलं. "आतून बघितलं की डावीकडे आहे, बाबा. मी घरात बसून रेकॉर्ड केलं होतं ना. या आत, दाखवते."

साडूंनी घड्याळ पाहिलं. "फेरी पूर्ण करायचीय. परत चौकात गेल्यावर संपते," असं म्हणाले आणि चालायला लागले. मी गेलो नाही त्यांच्याबरोबर. मी आत गेलो. टेबलावर सगळ्यांचे कप मांडून ठेवले होते, त्यातला एक ताईने उचलून कपाटात ठेवला. मनू कणीक मळायला लागली, खूप वेळ मळत राहिली, आणि मग पाठमोरीच मला म्हणाली, "काका, हसले ना पण ते?"

"हसले," मी म्हणालो.

मागच्या महिन्यात साडू आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत आले ते फोन पुढे धरूनच. त्या गावाचा गाइड नवा झाला होता, आपोआप त्यांच्या फोनमध्ये आला होता आणि जुना पुसला गेला होता. मी ऐकलं. मनू सांगत होती की आपण दारासमोर उभे असाल तर घंटा आपल्या उजव्या हाताला आहे. स्वच्छ, बिनचूक आवाज. ते लांबलचक नावही तिने न अडखळता घेतलं होतं.

"तुम्ही कंप्युटरवाले," साडू म्हणाले. "जुनं परत आणता येतं का?"

"नाही येत. आणि आता बरोबर आहे की सगळं. तुम्हीच सांगितलं होतं."

"हो. बरोबर आहे," असं म्हणून ते बसले. त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्यांना हेच ऐकवायची वाट बघत होतो. पण गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला तो टकला माणूस बघवेना. मी माझ्या फोनवरून मनूला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"हॅलो काका?" मनूचा आवाज खोलीत ऐकू येत होता. "काका? हॅलो?" साडूंनी फोन कानाला लावला. मग ती हसली. "खिशातून लागला वाटतं परत," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. साडू बराच वेळ फोन कानाला लावून बसले होते.

तेव्हापासून ते दर शनिवारी संध्याकाळी येतात, तिकडे मनूची दुपार व्हायला आलेली असते. हेडफोन आणत नाहीत. मी मनूचा नंबर लावून फोन टेबलावर ठेवतो आणि चहा करायला जातो. मनू आता हसत नाही, आणि फोनही ठेवत नाही. हॅलो म्हणते आणि थांबते. तिच्याकडे नळ वाहत असतो, भांडी वाजत असतात, ते साडू ऐकत बसतात. एवढा शिकलेला, सगळ्या जगाला डावंउजवं सांगणारा माणूस, त्याच्या तोंडून एक शब्द फुटत नाही. चिडून मी आतल्या आत त्यांना काय काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या शनिवारी त्यांनी घसा खाकरला. पलीकडचा नळ बंद झाला आणि मनू म्हणाली, "हं, बाबा."

साडूंनी फोन बंद करून टेबलावर ठेवला, चहा संपवला, आणि जाताना चपला घालत मला म्हणाले, "आज आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटला."

येत्या शनिवारी आम्हाला एका बारशाला जायचं होतं. बायकोला म्हटलं, तू जाऊन ये, मी घरीच थांबतो.