चार बोटं सागवान

माणसं एकमेकांच्या बंगल्यावर जळतात, बागायतीवर जळतात, पोरांच्या मार्कांवर जळतात. मी लाकडावर जळलो, आणि तेही सख्ख्या साडूच्या. केजपुढं युसूफ वडगाव नावाच्या गावात त्याच्या दुकानामागं पत्र्याचं शेड होतं. तिथं त्यानं सागवानाची छातीइतकी उंच थप्पी लावून ठेवली होती. ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मेहुणीनं पुरणपोळ्या केल्या होत्या. मी दीड पोळीवर उठलो. पोट बरं नाही असं सांगितलं, आणि ते एका अर्थानं खरंच होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बीडला पालीच्या रस्त्याला प्लॉट घेऊन नुकत्याच दोन खोल्या बांधल्या होत्या. आमच्या घराण्यात सुतारकी नाही. लहानपणी गल्लीतल्या एका मिस्त्रीच्या कामापाशी तासन्‌तास बसून ती माझ्या अंगात शिरली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी रंधा, पटाशी, करवत घेऊन अंगणात बसायचो ते अंधार पडेपर्यंत. बाभळीचे पाट केले, कडुलिंबाचं स्टूल केलं, आंब्याच्या फळ्यांचं कपाट केलं. कपाटाचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि बायको ते गुडघ्यानं लावायची. पण सागवानाला माझा हात कधी लागला नव्हता.

मनात एकच होतं. घराच्या पुढच्या दाराला सागवानी चौकट बसवायची, ती माझ्या हातची, आणि वरच्या पट्टीवर मधोमध बेलाचं पान कोरायचं. तोवर म्हणून त्या भगदाडाला पत्र्याचं एक पान तारेनं बांधून टाकलं होतं. रात्री वारा सुटला की ते असं वाजायचं की शेजारी खाकरायचे. बायको म्हणायची, "तात्पुरतं हाय, तात्पुरतं हाय म्हनता म्हनता पोरगी चौथीत गेली."

ती वर्षंच तशी होती. बाजार मोकळा झाला म्हणत होते. कोपऱ्याकोपऱ्यावर टेलिफोनचे पिवळे डबे लागत होते, दुकानात नवनवे साबण येत होते, आणि प्रत्येक गोष्टीला नवा भाव होता. पहिल्या वर्षी मी वखारीत गेलो तेव्हा माझ्याजवळच्या पैशात अख्खी चौकट बसत होती. पण मला वाटलं, जरा थांबू, जाड माल घेऊ. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. दुसऱ्या वर्षी गेलो तर वरची पट्टी परवडेना. तिसऱ्या वर्षी उंबराही गेला. पगार वाढायचा, मी खुशीत सायकल हाणत वखारीत जायचो, आणि भाव माझ्या आधी तिथं जाऊन बसलेला असायचा.

वखारवाला माणूस गोड. तो मला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा आणि मग सांगायचा, "मास्तर, चांगला माल आता सगळा पुण्या-मुंबईला चाललाय. तिकडं बंगले लई निघालेत. तुमी मलेशियाचं साल लाकूड घ्या. सायेब लोकबी आता तेच नेतेत."

बेलाचं पान मी मलेशियाच्या लाकडावर कोरू? मी चहा तसाच ठेवून उठायचो.

आणि इकडं हा माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. किराणा आणि धान्याची आडत, उंच सहा फुटी गडी, हसला की दुकानातलं गिऱ्हाईक दुप्पट घेऊन जायचं. किनवटच्या बाजूला लाकडाचा लिलाव होता, कुणीतरी सुचवलं, आणि यानं भाव चढायच्या आधी गाडीभर सागवान घेऊन, चिरून घरी आणून टाकलं. ज्याला सागवान आणि बाभूळ यातला फरक कळत नाही त्याच्या शेडमध्ये असला माल! शेडमध्ये उभा राहून तो मला सांगत होता, "मास्तर, ह्याला दाणा टाकायचा न्हाई, पानी पाजायचं न्हाई. नुसतं पडून हाय आन वाढतंय." माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी थप्पीतल्या एका लाकडावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. तो तेलकट, कडसर वास. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं, किंवा त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुमची चौकट कदी बसवायलाव?"

मी म्हणालो, "आमी लोखंडी बसवणार हावत. लाकडाला आजकाल वाळवी लई."

सागवानावर हात ठेवून मी हे बोललो. ज्याला वाळवी तोंड लावत नाही त्या लाकडावर! दुसरा कुणी असता तर हसला असता. साडूनं गंभीरपणे मान हलवली. "आसं हाय व्हय," म्हणाला, आणि विषय तिथं संपला.

परतताना एसटीत बायकोनं मला धारेवर धरलं. "कावून खोटं बोललाव? एक शब्द टाकला आसता तर दाजींनी न्हाई म्हनलं नसतं."

"साडूच्या दारात हात पसरू?"

"हात कशाला पसरायचा? पैसे देऊन घेतलं आसतं. जुन्या भावानं."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यानंतर वडगावला गेलो की काहीतरी निमित्त काढून मी शेडकडं जायचो. लाकडं मला नगानिशी पाठ झाली होती. थप्पीच्या सगळ्यात वर चार नग वेगळे ठेवलेले होते. गाठ नाही, भेग नाही, रेषा सरळ, रंग गुळासारखा. दोन लांब, दोन आखूड, बरोब्बर एका चौकटीचे. चौघांच्याही टोकाला गेरूनं अक्षर काढलेलं होतं, 'मा'. मा म्हणजे माल. व्यापाऱ्याला लाकडात दुसरं काय दिसणार, असं मनात म्हणून मी नाक मुरडलं होतं.

मग एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर साडू जीप घेऊन थेट शाळेत आला. त्याचं नवं घर निघालं होतं. अंबाजोगाईचा मिस्त्री ठरवला होता, पण तो मापं काढून ऐन वेळी पुण्याला फर्निचरच्या कामाला निघून गेला. "मास्तर, चौकटीचा मुहूर्त काढून बसलोय," साडू म्हणाला. "पुढच्या दाराची चौकट तुमी करा. थप्पीतलं पसंत पडंल ते घ्या. दुसऱ्याचा हात लागायला नको."

मी हो म्हणालो. नातं म्हणून नाही, उगीच खोटं कशाला सांगू. सागवानावर रंधा मारायला मिळणार होता, एवढ्यासाठीच.

मी वडगावला पोचलो आणि साडू दुसऱ्याच दिवशी आडतीच्या कामाला लातूरला गेला. शेडमध्ये मी एकटा. वरचे चार नग मी पहिल्यांदा खाली ओढले. रंधा फिरला आणि अशी सलग, पातळ ढलपी निघाली की मी ती उचलून उन्हात धरली. सहा दिवस मी जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठलो नाही. बेलाचं पान कोरलं, त्याच्या शिरा काढल्या. ते पान मी माझ्या दारासाठी आठ वर्षं कागदावर गिरवत होतो. आणि ते आता साडूच्या दारावर बसणार होतं, येणारा-जाणारा ते बघून साडूला वाहवा म्हणणार होता. हात जितका छान चालत होता तितकं आत कडू होत होतं.

सातव्या दिवशी मी ते केलं. आमच्याकडं आधी चौकट उभी करतात आणि मग तिच्या अंगानं भिंत चढवतात, म्हणजे दाराची उंची सुताराच्या हातात. मिस्त्रीनं लिहून ठेवलेल्या मापात साडूच्या डोक्यावर जेमतेम तीन बोटं जागा सुटत होती. मी दोन्ही उभ्या खांबांवर चार बोटं मोजून खूण केली आणि करवत लावली. गेरूची खूण होती त्याच टोकानं कापलं, कारण ते टोक उन्हानं जरासं उललं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की या माणसानं आपल्या घरात शिरताना रोज मान वाकवावी. दोन तुकडे खाली पडले. सागवानाचा तुकडा टाकून देणं माझ्याच्यानं होईना, म्हणून ते हत्यारांच्या पिशवीत टाकले.

साडू लातूरहून आला. त्यानं आधी थप्पीकडं पाहिलं, मग चौकटीकडं.

"वरची चार घेतली व्हय?"

"पसंत पडंल ते घ्या म्हनलाव ना तुमी."

"व्हय, व्हय." त्यानं बेलाच्या पानावरून अंगठा फिरवला. "लई चांगली निवडलीत, मास्तर."

मी मनात म्हटलं, बघ, कसं दुखलं पोटात! चांगला माल दाराला गेला म्हणून. मला फार बरं वाटलं.

मुहूर्ताला पूजेसाठी जंगम स्वामी आले. चौकटीला भस्म लावलं, बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मग साडूनं सगळ्या पाहुण्यांसमोर मला पाटावर बसवून टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, चौकट करणाऱ्या मिस्त्रीला देतात तसा. सासुरवाडीच्या माणसांत मला त्यानं मजूर ठरवलं, असं वाटून माझे कान तापले. मिस्त्रीचा मान हा मान असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

चौकट उभी राहिल्यावर आधी मालकानं आत पाऊल टाकायचं. साडू हात जोडून निघाला आणि पट्टीवर त्याचं कपाळ असं आदळलं की स्वामीसुद्धा थांबले. सगळे हसले. साडू कपाळ चोळत वळला. "मास्तरानं बराबर केलंय," तो म्हणाला. "घरात शिरताना मान खालीच पायजे." म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. मीही डोलवली.

परतीच्या एसटीत केज आलं. बायको म्हणाली, "ती लाकडं तुमची होती."

"कोणती?"

"चौकटीची. ताईनं आज सांगितलं. लिलावातून आणली त्याच दिवशी दाजींनी चार चांगली बाजूला काढून खूण केलती. मा म्हंजे मास्तर. तुमी एकदा इचारताव का म्हनून वाट बघत होते. तुमी लोखंडी म्हनलाव, मग गप बसले. ताईला म्हनले, मास्तर रागीट हायत, आपन होऊन दिलं तर भीक दिली वाटंल. तरीबी ठेवली होती. आन तुमी तीच नेमकी तासली."

मी हत्यारांची पिशवी पायानं सीटखाली सारली.

"उरलेल्यातली घ्या म्हनत होते," ती म्हणाली. "सांगू का ताईला?"

"नको. लोखंडी सांगून आलोय." हे पुन्हा खोटं होतं. पण चार बोटांचं तिला कुठं माहीत होतं? कोणत्या तोंडानं मी दुसरी लाकडं घेणार होतो?

घरी येऊन पिशवी उपडी केली. पटाशी, गुण्या, आणि ते दोन तुकडे. दोघांच्याही टोकाला गेरूचं अक्षर तसंच होतं.

महिन्याभरात आमच्या दाराला खरोखर लोखंडी चौकट बसली. तिला मी सागवानी रंगाचा ऑइलपेंट दिला, आणि तो दुरूनसुद्धा कुणाला फसवत नाही. दार आपटतं म्हणून त्या दोन तुकड्यांतला एक मी तिरका तासून दाराखाली सारायला ठेवला. अक्षर नेहमी भिंतीकडं वळवून ठेवायचो.

पुढं दिवाळीनंतर साडू बीडला आला तेव्हा आमच्याकडं जेवायला थांबला. आमचं दार चांगलं उंच, तरी तो सवयीनं वाकूनच आत आला. चपला काढताना त्याचा पाय त्या पाचरेला लागला. त्यानं ती उचलली, उलटून पाहिली. मी समोरच उभा होतो. त्यानं अक्षर पाहिलं. मग आपल्या हाताची बोटं त्या तुकड्यावर आडवी ठेवली. बरोब्बर चार बसली. त्याचा हात नकळत कपाळाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला.

आता हा बोलणार, असं मला वाटलं. बोलला असता तर मीही बोललो असतो, भांडलो असतो, आठ वर्षांचं सगळं ओकून मोकळा झालो असतो. साडूनं पाचर होती तशी दाराखाली सारली, अक्षर भिंतीकडं वळवून. मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "च्या टाका की, मास्तरीनबाई."

त्याच्याजवळ सागवान होतं म्हणून मी इतकी वर्षं जळलो. त्या दिवशी त्याच्याजवळ सागवानाचं एक लाकूडही उरलं नव्हतं, सगळं विकून झालं होतं, आणि मी आधीपेक्षा जास्त जळत होतो. चहा आला. साखर कमी आहे का, एवढंच मी त्याला विचारू शकलो.