पोटात सीताफळाचं झाड

पाचवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचतात. कितीही झटका, पदरावर थोडे उरतातच! बी.एस्सी. करून मी जवळा बाजारच्या शाळेत लागले, तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पहिलाच धडा निघाला पोटाचा.

आमचे हेडमास्तर, म्हणजे मोठे गुरुजी, म्हणाले, "पोटात शिकवण्यासारखं काय आहे, बाई? खाल्लं की भरतं!"

इतकी वर्षं त्यांनी तेवढंच शिकवलं होतं.

*

"जठर कुठं असतं?" मी विचारलं. सगळ्या वर्गाचे हात बेंबीवर. दारात उभ्या असलेल्या गुरुजींचाही!

मी हात वर सरकवायला लावले. फासळ्यांखाली, जरा डावीकडे. "बेंबीच्या मागे आतडी असतात."

गोविंदा हिरमुसला. "म्हंजे बाई, जेवण जास्त झालं की आमी भलत्याच जागी चोळून राहिलो!"

*

बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बकरीचं पोट आणून टेबलावर ठेवलं. गुरुजी नाकाला उपरणं लावून पसार!

"बकरीच्या पोटाला चार कप्पे. आपल्याला एकच पिशवी. ती अन्न घुसळते, रस मिसळते, पीठ कालवल्यासारखं पातळ करते..."

मागच्या बाकावरून शांताचा हात वर. मला वाटलं, शंका असेल.

"बाई, ही तर वजडी! शिकवून झाल्यावर शिजवायला कोण नेणार?"

*

"पोट गुरगुरतं काहून?" हा प्रश्नही गोविंदाचाच.

मी सांगितलं, "रिकामं असलं तरी जठर हलायचं थांबत नाही. आत हवा नि थोडा रस असतो, त्याचा आवाज होतो."

तो विचारात पडला. "म्हणून दुष्काळात आमच्या घरी रातभर कुणी ना कुणी बोलायचं!"

वर्ग खो खो हसला. मी फळ्याकडे वळून उगाच तेच अक्षर परत गिरवलं.

*

आणि एकदा सुमन. रोज प्रश्नांनी भंडावणारी पोरगी त्या दिवशी बाकावर मान टाकून बसली होती. ओठ सुकलेले. कालपासून तिनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता!

तिनं सीताफळाची बी गिळली होती आणि गुरुजी तिला म्हणाले होते, "आता पोटात झाड येणार!" पाणी मिळालं तर बी उगवेल, म्हणून ती पाणीच पीत नव्हती.

मी भडकले. गुरुजींना तडक वर्गात आणलं.

"अहो, गंमत केली," ते म्हणाले. "आम्हालाही आमच्या वडिलांनी हेच सांगितलं होतं."

"मग ते खरं आहे का, हे तुम्ही कधी विचारलं नाही?"



मी सुमनजवळ बसले. "जठरात आंबट रस असतो. माती नाही, उजेड नाही. बीचं कवच कडक, म्हणून ती पचत नाही. पण उगवतही नाही. गेली तशी बाहेर पडते."

"तुमी पाह्यलं काय, बाई?"

मी एका पोराच्या सीताफळातली बी घेतली, गिळली, वर पेलाभर पाणी प्याले.

सुमननं मान हलवली. "तुमी न्हाई. झाड येतं म्हून गुरुजी म्हणले. गुरुजींनी गिळावं."

गुरुजींनी बी तोंडात टाकली. गिळली. मी पेला पुढे केला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तो आंबट रस... नक्की असतो ना?"

सुमन उठली. माठातून दुसरा पेला भरून आणला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"भिऊ नका, गुरुजी. आपण संगंच पिऊ."