खिडकीतून न दिसणारं आभाळ

आम्ही कॉम्प्युटरसाठी जे सॉफ्टवेअर बनवतो, त्यात हवामानाचं अ‍ॅप आधीपासूनच घालून द्यायचं का, यावर ऑफिसात सकाळपासून वाद चालला होता.

"कशाला उगाच? खिडकीतून बघा की बाहेर," नीलिमा म्हणाली. मलाही पटलं.

चहाला उठताना सहज तिच्या स्क्रीनकडे लक्ष गेलं. कोपऱ्यात हवामान होतं, पण आमच्या पुण्याचं नाही, लातूरचं.

"तिकडे कोण?"

"आई. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात तिनं."

डोक्यावरचं आभाळ तर मान वर केली की दिसतं. मग माणूस स्क्रीनवर शोधतो ते आभाळ कुणाच्या डोक्यावरचं असतं?

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात काळा ढग उमटला. आमच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. नीलिमानं घाईघाईनं फोन कानाला लावला.

"आई, आधी गच्चीवर जा."