हिरवं ठेवू का निळं?

हसायचं असंल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागंल. असा पोपट झाला माझा, आन् तोबी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून!

मी पाटसच्या साखर कारखान्यातनं रिटायर झालेला माणूस. बायको गेल्यापासून भांडगावात एकटाच असतो. बोलायला कोण? भिंती! पोराचा, दत्ताचा, जुना कॉम्प्युटर तेवढा घरात हाय. दत्ता असतो जर्मनीत. त्याचा व्हिडिओ कॉल येतो निळ्या प्रोग्रॅमवर. लेक सुनंदा तळेगाव ढमढेऱ्यात दिलीय, तिचा येतो हिरव्यावर. दोन्ही रविवारी. आठवडाभरात माणसाशी बोलणं काय ते तेवढंच.

तर दौंडचा कॉम्प्युटरवाला म्हणला, "आबा, हे दोन्ही एकदम चालू झाले की कॅमेऱ्यावरनं भांडत्यात. एकाला तुमचं तोंड दिसतं, दुसऱ्याला नुसता अंधार. एक कुठलंतरी ठेवा."

कुठलं ठेवू, सांगा की! दत्ता भाऊबीजेला फोन करायचा विसरला, तवापासून बहीण-भावात अबोला. हा म्हणतो, "आबा, ताईचं ते हिरवं काढून टाका." ती म्हणती, "निळं ठेवलं तर मी कॉलच करायची न्हाई." म्हंजी ज्याचं काढीन, त्याचं बोलणं बंद.

पण मी बी कारखान्याचा माणूस! निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या जीपमधी बसलोय, दोन्हीकडचं मटण खाल्लंय, आन् दोन्हीकडं छातीवर हात ठेवून "मत तुम्हालाच" म्हणलोय. हितंबी तेच केलं. त्याला सांगितलं, तिचं काढलं. तिला सांगितलं, त्याचं काढलं. दत्ता दुपारी करायचा, सुनंदा संध्याकाळी. कुणाच्या बापाला कळतंय?

एका रविवारी दत्ताला उशीर झाला. संध्याकाळी सुनंदाशी बोलत होतो. मशिनीच्या आवाजानं माझे कान गेलेत, म्हणून स्पीकर फुल्ल. तेवढ्यात निळं वाजलं! कट करावं तर मनात आलं, पुन्हा केलाच न्हाई तर? म्हणून घेतला.

"आबा, सगळा अंधार दिसतोय."

"लाईट गेलीय रं."

"मग कॉम्प्युटर कशावर चाललाय?"

तवर हिरव्यातनं सुनंदा वरडली, "आबा, डोक्यावर ट्यूब पेटलीय की! कुणाला सांगताय लाईट गेली म्हणून?"

"हा ताईचा आवाज! आबा, तिचं काढून टाकलं म्हणला होता ना?"

"माझं काढलं? आन् हा कोण, दत्ता? म्हंजी निळं अजून हायच व्हय!"

झालं! दोन्हीकडनं माझी अशी खरडपट्टी, की विचारू नका.

"ताई, हे पहिल्यापासनं असेच. तुझ्या माघारी मला म्हणायचे, तूच माझा लाडका."

"आन् मला म्हणायचे, तूच लाडकी!"

आन् दोघं हसायलाच लागली हो! मग आईच्या आठवणी निघाल्या. सुनंदा रडली, दत्ताबी रडला. माझेबी डोळे भरून आले. ही असती तर किती सुखावली असती! मी उठलो, चहा केला, पिऊन परत आलो. दोघं बोलतच होती. मी उठलो होतो हे कुणाला कळलंबी नव्हतं.

शेवटी दत्ता म्हणला, "ताई, आबांच्या कॉम्प्युटरमधनं कशाला बोलायचं? मी तुझं हिरवं घेतो की."

तवापासून दर रविवारी दोघं थेट बोलतात. त्याला वाटतं, ताईनं आबांना कॉल केला असंल. तिला वाटतं, दत्तानं केला असंल. मीच लावून बघितला, तर दोघंबी बिझी.

परवा दौंडवाला भेटला. म्हणला, "काय आबा, मिटलं का प्रोग्रॅमांचं भांडण?"

म्हणलं, "मिटलं की! मीच मिटवलं. आता दोन्ही गुण्यागोविंदानं नांदत्यात. एकबी वाजत न्हाई."