वन्संचा भांग

चर्चच्या मंडळीतली कोणी बाई वारली की मावशींना बोलावणं यायचं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांना शेवटची आंघोळ घातली, त्यांचे केस विंचरले. शाळेत त्या दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण बायबलातल्या, शुभवर्तमानातल्या बायका त्यांना शेजारणींसारख्या माहीत. "पुरुष दारं लावून बसले," त्या सांगायच्या, "आणि बायका सुगंधी तेलं घेऊन प्रभूच्या कबरेकडे निघाल्या. तोंडावरची धोंड कोण सरकवणार, ते एकीलाही ठाऊक नव्हतं. तरी निघाल्या!"

यावेळी गेली ती त्यांची थोरली नणंद. पन्नास वर्षं दोघी एकमेकींशी भांडल्या आणि एकमेकींवाचून जेवल्या नाहीत. दवाखान्यात तिनं हात धरून बजावलं होतं, "वहिनी, माझा भांग डावीकडून. मधोमध पाडलास तर उठून बसेन."

नेमकी वाटेत बस बंद पडली. मावशी पोचल्या तोवर दवाखान्यातल्यांनीच सगळं उरकलं होतं. शवपेटीचं झाकणही बसलं होतं.

"भांग कुठून पाडलाय गं?" त्यांनी भाचीला विचारलं.

"मधून," भाची खाली बघत म्हणाली.

"झाकण काढायला सांगा," मावशी मंडळीच्या कारभाऱ्यांना म्हणाल्या.

"आता कुठं, मावशी! प्रार्थनेची वेळ झाली. प्रभू काय भांग बघून आत घेणार आहे?"

"प्रभूची काळजी नाही हो मला. तुम्ही वन्संना ओळखत नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. कारभाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. एवढ्या जणींचं केलं, आणि वन्संचंच राहणार? त्या पेटीजवळ गेल्या आणि नखानंच स्क्रू फिरवू लागल्या. नख मोडलं. त्यांनी दुसरं बोट लावलं.

पेटी करणारा सुतार भिंतीला टेकून उभा होता. "सरका मावशी, पेटी बिघडवाल माझी," असं पुटपुटत त्यानं पेचकस काढला. सहाही स्क्रू मुठीत धरून त्यानं झाकण उतरवलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

मावशींनी पांढरे केस बोटांनी मोकळे केले. डावीकडून भांग पाडला, एक बट कानामागे सारली.

भाचीनं वाकून पाहिलं. "आता आई दिसतेय," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.

"लावू का झाकण?" सुतारानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"थांब रे जरा," कारभारी म्हणाले. "पोरीला बघू दे."